घरात कोणाला डस्ट आहे का?

कंडक्टरला दोन गोष्टी यायलाच लागतात. आवाज चढवणं आणि खोटं बोलणं. गाडी खच्चून भरली, दाराला माणसं लोंबकळायला लागली, की मी पायरीवर उभी राहून ओरडायची, "उतरा, उतरा, मागून गाडी येऊन राह्यली." मागून काही नसायचं. एटापल्लीच्या रस्त्याला मागून धूळ येते, गाडी येत नाही. पॅसेंजरलाही ते ठाऊक असायचं. तरी दोघं-तिघं उतरायचे.

या सवयीनं माझं काय झालं ते मी लिहून ठेवते आहे. मला क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार आहे. तो जाणारा नाही. त्यावर बायोलॉजिक म्हणतात ते औषध शिरेतून देतात. मला ते मिळालं, लागू पडलं आणि माझ्याच तोंडामुळं हातचं गेलं. तुमच्यापैकी कोणाला ते सुरू होणार असेल, तर आधी एवढं वाचा आणि मग डॉक्टरसमोर जाऊन बसा. उपदेश करत नाही. मी कोण उपदेश करणारी.

इंजिन गरम

माझी ड्युटी चंद्रपूरहून गोंडपिपरी, आलापल्ली करत एटापल्ली. घर घुग्घुसला, बाबांकडे. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यावर मला बोलायचं नाही. आई केव्हाच गेली. धाकटी बहीण रेखा गोंडपिपरीजवळच्या एका गावी दिलेली. म्हणजे घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा कोळसा खाणीतून रिटायर झालेले. दिवसभर दारापुढच्या खाटेवर बसायचे, ट्रक पाहायचे आणि खोकायचे.

जुलाब लागले तेव्हा मी स्टँडवरच्या समोशाला नावं ठेवली. मग पाण्याला. रक्त दिसायला लागलं तेव्हा मूळव्याध म्हणून मोकळी झाले. बाईमाणूस रक्ताला लवकर घाबरत नाही, आमचं तिथंच चुकतं. पुढं पुढं दिवसातून बारा-पंधरा वेळा जावं लागायचं. कळ आली की मिनिटाची उसंत नाही. आणि माझी नोकरी चालत्या गाडीत. आलापल्ली सोडली की दोन्हीकडं सागाचं जंगल, आत साठ माणसं, आणि माझ्या पोटात कोणी सुरी फिरवतंय असं वाटायचं.

माझे ड्रायव्हर मडावीभाऊ, एटापल्लीकडच्या एका टोल्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे, गोंड. मोजकं बोलणारा माणूस. पहिल्यांदा मी घंटी मारून गाडी थांबवली आणि काही न सांगता झाडीत पळाले, तेव्हा परत आल्यावर साठही माणसांचे डोळे माझ्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मडावीभाऊंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एकदा घंटी दिली की ते गाडी कडेला घ्यायचे, पाण्याची कॅन घेऊन उतरायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "इंजिन गरम झालं. दहा मिनिटं." मग बॉनेट उघडून माझ्याकडं पाठ करून उभे राहायचे. गाडीही ते अशा ठिकाणीच लावायचे जिथं झुडपं दाट आहेत.

एकदा एका गुरुजींनी विचारलं, "या गाडीचं इंजिन रोजच कसं काय गरम होते हो?"

"म्हातारं झालं, गुरुजी," मडावीभाऊ म्हणाले.

तो माणूस माझ्यासाठी चार महिने खोटं बोलला. जिवाला फार बरं वाटायचं. माया असली की माणूस खोटं बोलतो, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

मग एक दिवस आष्टीच्या अलीकडं धीर निघाला नाही. घंटीपर्यंत हात पोचायच्या आधीच सगळ्यांसमोर माझे कपडे खराब झाले. कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. मागच्या सीटवरची एक म्हातारी उठली, तिनं गाठोड्यातून जुनं लुगडं काढलं, माझ्या कमरेला गुंडाळलं आणि जागेवर जाऊन बसली. ते लुगडं मी धुऊन ठेवलं आहे, ती परत कधी गाडीत चढली नाही. मी चंद्रपूरपर्यंत उभीच आले.

शांत होतो

त्या आठवड्यात मी डेपोत चक्कर येऊन पडले. चंद्रपूरहून नागपूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात खालून दुर्बीण घातली. त्याचं वर्णन करत नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायला जे औषध पाजतात ते पिताना मात्र मला हसू आलं. मी म्हटलं, सिस्टर, माझं पोट साफ करायला औषध कशाला वाया घालवता.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, शांत, पुण्याकडच्या. त्यांनी कागदावर आतडं काढलं आणि पेनानं जागोजागी खुणा केल्या. "शरीराचा पहारेकरी असतो ना, तो घरच्यांनाच चोर समजून मारतोय. याला क्रोन्स म्हणतात."

"बरं केव्हा होईन?"

"बरा होत नाही. शांत होतो. शांत ठेवायचा."

मी परत विचारलं, मरेपर्यंत का? त्या हो म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. एवढं खरं बोलायची गरज होती का, असं वाटलं. बाहेर येऊन मी बाबांना सांगितलं, "काई नाई, आतड्याले सूज आहे. सहा महिन्यात बरं होते." बाबांनी मान हलवली. आमच्या घरात असंच चालायचं.

आधी स्टिरॉइड दिलं. तोंड भाकरीएवढं झालं, झोप गेली, आणि स्वभाव मुळातच तिखट, तो नुसता भडकला. महिनाभर पोट थांबलं. गोळ्या कमी केल्या की परत सुरू. तीनदा असं झालं. मग मॅडम म्हणाल्या, आता बायोलॉजिक. योजनेतून मंजुरी मिळाली. हे औषध नाही चाललं तर ऑपरेशन, पोटावर शौचाची पिशवी, आणि पिशवीवाल्या बाईला गाडीवर कोण ठेवतं. मला गाडी पाहिजे होती. दुसरं काही माझ्याकडं नव्हतंच.

बाकावर तिघं

आता एक शब्द समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घुग्घुसमध्ये जो खोकतो त्याला डस्ट असतो. कोळशाची धूळ, सिमेंटची धूळ, ती छातीत जाते हे खरंच आहे, म्हणून कोणी खोटं पाडू शकत नाही. पण डॉक्टरनं टीबी सांगितला, तरी घरी येईस्तोवर त्याचा डस्ट झालेला असतो. बाबांचं तेच झालं. या औषधाच्या सहा वर्षं आधी त्यांच्या बेडक्यात टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. रेखाच्या सोयरिकीची बोलणी तेव्हाच चालली होती. टीबीवाल्याची पोट्टी कोण करीन? मी मोठी, मीच शब्द काढला. "विचारलं कोणी तं डस्ट म्हणायचं." बाबांना चार महिन्यांनी बरं वाटायला लागलं, त्यांनी गोळ्या सोडल्या. मी विचारलंही नाही. डस्टला कोण सहा महिने गोळ्या खातं?

रेखाचं लग्न झालं. तिचा नवरा प्रमोद चांगला निघाला. माझ्या आजारपणात तोच त्याच्या गाडीनं आम्हाला नागपूरला न्यायचा. औषधाचा फॉर्म भरायच्या दिवशीही मॅडमच्या खोलीत बाकावर आम्ही तिघं होतो. मधे मी, एकीकडं बाबा, एकीकडं प्रमोद.

मॅडम फॉर्म भरत होत्या. "घरात कोणाला टीबी? आता किंवा आधी कधी?"

"नाई," मी म्हटलं.

त्यांनी पेन थांबवलं. "नीट आठवा. तुमचा एक्स-रे साफ आहे, रक्ताचा तपासही साफ आहे. पण स्टिरॉइडवर असताना तपास कधी कधी फसतो, म्हणून तोंडानं विचारतेय. हे औषध त्या पहारेकऱ्याचे हात बांधतं. टीबीचे जंतू अंगात लपून असतील तर मग त्यांना अडवायला कोणी राहत नाही."

तेवढ्यात बाबा खोकले. मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. "यांना काय होतंय?"

बाहेरच्या रांगेत एका बाईनं मला सांगितलं होतं की टीबी निघाला तर हे औषध देतच नाहीत. ते डोक्यात होतं. शेजारी जावई बसला होता, तेही डोक्यात होतं. पण खरं सांगू? मला विचार करावाच लागला नाही. सहा वर्षं जे बोलत आले तेच तोंडातून आलं.

"बाबाले डस्ट आहे, मॅडम. खाणीत होते."

"धुळीचा त्रास?"

"हव."

बाबांनी मान खाली घातली आणि दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले. प्रमोद समोरच्या भिंतीकडं पाहत होता. मॅडमनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. मी खाली सही केली.

चार बाटल्या

औषध देतात ती खोली थंड असते. ओळीनं आरामखुर्च्या, प्रत्येकीला एक सलाईन. फ्रिजमधून बाटली येते, सिस्टर नाव विचारते, तुम्ही नाव सांगता, मग अडीच-तीन तास बसायचं. दर थोड्या वेळानं बीपी. खाज सुटली, धाप लागली तर लगेच सांगा म्हणतात. मला काही झालं नाही. पहिली बाटली, दोन आठवड्यांनी दुसरी, पहिलीपासून सहाव्या आठवड्याला तिसरी. मग आठ-आठ आठवड्यांनी.

दुसऱ्या बाटलीनंतर पाचव्या दिवशी मी सकाळी उठले, चहा ठेवला, चहा प्यायले, भांडी घासली, आणि लक्षात आलं की मी अजून गेलेच नाही. मी मोरीत तशीच उभी राहिले. रडले. बाबा बाहेरून विचारू लागले, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काईच नाई झालं, बाबा. काईच नाई." त्यांना वाटलं दुखतंय म्हणून रडते आहे.

तिसरीनंतर मी ड्युटीवर परत गेले. वांग्याची भाजी खाल्ली, तिखट. एटापल्लीपर्यंत माझ्यासाठी एकदाही घंटी दिली नाही. परतीच्या फेरीत आलापल्लीला चहा पिताना मडावीभाऊ म्हणाले, "इंजिन दुरुस्त झालं वाटते."

"हव भाऊ. नवीन पार्ट टाकला."

"आमच्या पेनले सांगून ठेवलं होतं म्या," ते म्हणाले. पेन म्हणजे त्यांच्या कुळाचा देव. "आता कबूल केलं ते द्या लागन." काय कबूल केलं ते त्यांनी सांगितलं नाही.

चौथी बाटली घेतली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आला.

पाणी

ताप दुपार कलली की चढायचा. घामानं ब्लाउज भिजायचा. भूक गेली. मी व्हायरल म्हटलं. माझ्याकडं नावांची कमी कधीच नव्हती. मग उजव्या कुशीत श्वास अडायला लागला. गाडीत दोन सीटं पुढं गेलं की धाप. मडावीभाऊंनी त्या दिवशी गोंडपिपरीच्या स्टँडवर गाडी लावली, खाली उतरून माझ्या हातातलं तिकीट मशीन काढून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आता म्या नाई चालवत. दवाखान्यात जा."

नागपूरला छातीत पाणी निघालं. पाठीत सुई घालून बाटलीभर काढलं, पिवळं. दोन दिवसांनी मॅडम खाटेपाशी आल्या. बाबा पायथ्याशी स्टुलावर होते. प्रमोद डबा घेऊन नुकताच आला होता.

"टीबी आहे," मॅडम म्हणाल्या. "छातीत आहे, पोटाच्या पडद्यावर पण आहे. बायोलॉजिक आजपासून बंद." मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला होता?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, तेव्हाही तोच शब्द ओठावर आला होता.

बाबा उभे राहिले. स्टुलाला धरून. "मॅडम, मले डस्ट नाई. मले टीबी होता. सहा साल झाले. औषध अर्धं खाल्लं, मंग सोडलं. पोरीले म्याच दिला."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हव."

"दोनदा विचारलं होतं."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला येतं. त्यांनी फक्त सांगितलं की तुम्ही तेव्हा हो म्हटलं असतं तर आधी वडिलांना तपासलं असतं, तुम्हाला टीबी उठू नये म्हणून गोळ्या दिल्या असत्या आणि महिनाभर थांबून हेच औषध सुरू केलं असतं. महिनाभर. मी चार महिने झुडपांत काढले होते, मला एक महिना निघाला नसता का?

दोन पिशव्या

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल-केशरी, तोंडाला कडू चव, सारखी मळमळ. बायोलॉजिक बंद झालं तसा क्रोन्स उठला. एक आजार दाबावा तर दुसरा वर येतो, आणि दोघांची औषधं एकमेकांशी पटवून घेत नाहीत. मॅडमनी खूप ओढून धरलं. शेवटी आतड्याचा एक भाग आवळून बंदच झाला. कापावा लागला. शुद्धीवर आले तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला पिशवी होती.

सिस्टरनी ती कशी लावायची, कशी रिकामी करायची ते शिकवलं. मी पाच दिवस तिकडं पाहिलं नाही. सहाव्या दिवशी पाहिलं. जी टाळायला मी खोटं बोलले होते तीच माझ्या पोटावर चिकटवलेली होती. पुढं डेपोत मी हसत सांगायचे, कंडक्टरला एक पिशवी असते, मला दोन. लोक हसायचे नाहीत. मलाही त्यात गंमत वाटत नव्हती, पण काहीतरी बोलावं लागतं.

बाबांचं बेडकं तपासलं, त्यांना परत टीबी होता, आणि अर्ध्यात सोडलेल्या औषधाला आता तो दाद देत नव्हता. रेखाच्या अडीच वर्षांच्या लेकीला तपासलं. ती आजोबांच्या मांडीवरच असायची. तिला आजार नव्हता, पण खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या. रेखा फोनवर एवढंच म्हणाली, "माह्या लग्नासाठी केलं म्हणता. माह्या लेकराचं काय?" मग तीन महिने तिचा फोन नाही. मी तिच्या जागी असते तर मीही केला नसता.

घरात आम्ही दोघं आजारी. बाबांनी आपली खाट अंगणात नेली, ताट वेगळं केलं, तोंडाला दुपट्टा बांधून बसायचे. माझ्याशी बोलायला आले की चार हात लांब उभे राहायचे. मला त्यांची कीव यायची, आणि रागही यायचा. राग जास्त. बाकावर तुम्ही मान खाली घातलीत, त्याऐवजी तोंड का नाही उघडलं? एक दिवस मी हे बोलून टाकलं.

बाबा म्हणाले, "तू इतक्या ठासून बोलली, वनू. मलेच वाटलं, खरंच डस्ट असन."

हिवाळ्यात ते गेले, चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात, दिवसाउजेडी, मी पिशवी बदलायला बाहेर गेले तेवढ्यात. माझा राग तेव्हाही गेला नव्हता. आता तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

तेरवी

तेरवीला माणसं आली. जो येईल तो म्हणे, "डस्टनं नेलं बिचाऱ्याले." मी ऐकून घेत होते. पंगत उठल्यावर प्रमोद माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, एक सांगू? मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"मामाजीच्या टीबीचं. लग्नाच्या आधीपासून. माही माय म्हणे, डस्टवाल्याच्या घरची हाय, पर पोरगी चांगली हाय, करून टाका. घुग्घुसच्या माणसानं डस्ट म्हटलं की काय ते समजून घ्यायचं, ताई. आमच्याकडं लहान लेकराले बी समजते."

"मंग त्या दिवशी मॅडमसमोर बोलले काऊन नाई तुमी?"

"मले वाटलं, मॅडमलेबी समजलंच असन. एवढी मोठी डॉक्टर."

म्हणजे सोयऱ्यांपासून लपवायला मी जो शब्द काढला, तो सगळ्या जिल्ह्याला कळत होता. तो कळत नव्हता फक्त एका माणसाला, पुण्याकडून आलेल्या एका बाईला, आणि सांगायचं होतं ते तिलाच. प्रमोदला वाटलं मी सांगितलं. मॅडमना वाटलं मी नाही म्हटलं. आणि बाबा शब्दावर विश्वास ठेवून बसले.

मी त्या दिवशी रडले नाही. पत्रावळी गोळा केल्या. काम होतं.

मागून गाडी

टीबीचं औषध पुरं केलं, एकही गोळी न चुकवता. आता मी गाडीवर नाही. डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते, माइकवर गाड्या पुकारते. मडावीभाऊ एटापल्लीची गाडी लावायला आले की खिडकीतून नुसते हात वर करतात. पिशवी आहे, राहील. उरलेलं आतडं वाचवायला मॅडमनी आता दुसऱ्या जातीचं बायोलॉजिक सुरू केलं आहे, ते आतड्यापुरतंच काम करतं म्हणतात. मागच्याएवढं झटपट नाही. चालतं आहे.

ते सुरू करताना परत फॉर्म आला. घरात कोणाला टीबी? या वेळी बाकावर मी एकटीच होते. मी सांगितलं, बाबांना होता, मला झाला, मी लपवला होता. मॅडमनी ते लिहिलं. रकान्यात एकच ओळ होती, तेवढ्यात मावलं.

मग मी म्हटलं, "मॅडम, टीबी विचारू नका आमच्या लोकांले. डस्ट विचारा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

मी सांगितलं. प्रमोदनं काय म्हटलं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, मग नवा कागद घेतला. "आणखी काय काय म्हणतात तुमच्याकडं?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. डस्ट. जुना खोकला. मोठी बिमारी. छातीचं दुखणं. तो कागद आता औषधाच्या खोलीत सिस्टरच्या टेबलावर काचेखाली आहे.

मागच्या खेपेला माझी सलाईन चालू होती. शेजारच्या खुर्चीवर गोंडपिपरीकडचा एक तिशीचा माणूस, पहिली बाटली घ्यायला आलेला. बाजूला त्याची आई. गाल बसलेले, पँटला दोरी बांधलेली. त्याला बघूनच मला कळलं की हा वाटेत किती वेळा उतरला असेल. सिस्टरनी बाटली फ्रिजमधून काढून ठेवली होती. फॉर्मवर सगळीकडं 'नाही' होतं. तिनं काचेखालचा कागद पाहून विचारलं, "घरात कोणाला डस्ट आहे का? जुना खोकला?"

"नाई," तो म्हणाला.

त्याच्या आईनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

मला कोणी विचारलं नव्हतं. पण आवाज चढवणं माझ्या हाडात आहे. "माय," मी म्हटलं, "कोणाले आहे?"

म्हातारीनं आधी पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "याच्या मोठ्या भावाले. एकाच खोलीत झोपते दोघं. पर त्याले डस्ट हाय बाई, टीबी नाई."

सिस्टरनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि मॅडमना बोलवायला गेली. जाताना बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवली.

तो माणूस माझ्यावर उलटला. "पंधरा पंधरा खेपा जातो म्या. महिन्यापासून वाट पाह्यली. तुमाले काय करायचं होतं मधात?"

त्याचं काही चुकत नव्हतं. माझ्या शिरेत थेंब थेंब औषध उतरत होतं, आणि त्याचं फ्रिजमध्ये परत गेलं होतं, ते माझ्यामुळं.

"थोडा दम धर, भाऊ," मी म्हटलं. "मागून गाडी येऊन राह्यली."

नोकरीत हे वाक्य मी हजारदा बोलले असेन. खरं पहिल्यांदाच बोलले.